पिक्चर बोर्डावर आहे तोवर

२०२५ साली गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला. गावी गेलेला चाकरमानी त्या सुमारास मुंबईला, ठाण्याला, डोंबिवलीला परतला आणि लगेचच्या शुक्रवारी, १२ सप्टेंबरला, ‘दशावतार’ लागला. तारीख ज्यांनी काढली त्यांना आपला प्रेक्षक पुरता ठाऊक होता. गावाहून आणलेलं कुळथाचं पीठ अजून डब्यात भरायचं आहे, आरत्या कानात आहेत, आणि पडद्यावर तेच रान, तीच देवराई, तीच मालवणी. मी रविवारी संध्याकाळचा खेळ उपनगरातल्या एका मल्टिप्लेक्समध्ये पाहिला. काठी टेकत आलेले आजोबा होते, त्यांना दंडाला धरून वर नेणाऱ्या सुना होत्या. मल्टिप्लेक्सच्या पायऱ्या उंच, त्यांवरचे दिवे बारीक. वयस्कर माणसाला अंधारात त्या चढणं म्हणजे परीक्षाच. तरी ही मंडळी आली होती. इंटरव्हलला पॉपकॉर्नच्या रांगेत मालवणीत गजाली सुरू झाल्या. कोणाच्या वाडीत कोणी जमीन विकली, खाणीचं पुढे काय झालं, गावात आता किती घरं उघडी असतात. पिक्चरचा विषय रांगेत येऊन उभा राहिला होता.

दिलीप प्रभावळकरांनी ८१व्या वर्षी बाबुली मेस्त्री उभा केलाय. दृष्टी अधू होत चाललेला, दशावतारी खेळ सोडवत नाही असा म्हातारा नट. प्रभावळकरांचं मोठेपण मला सर्वांत जास्त जाणवलं ते त्या माणसाच्या चालण्यात. ओळखीच्या वाटेवर पाऊल बिनधास्त पडतं, अनोळखी जागी तेच चाचपडतं. डोळ्यांबद्दल एक शब्द न बोलता सगळं कळतं. मुलाशी असलेलं त्याचं नातं दिग्दर्शक सुबोध खानोलकरांनी घाई न करता रंगवलंय आणि पूर्वार्ध मला त्यासाठीच फार आवडला. उत्तरार्धात मात्र पिक्चर पळायला लागतो. खलपक्षातली माणसं पुरेशी उभी राहत नाहीत, पार्श्वसंगीत प्रत्येक प्रसंगाला ढोपराने ढकलत राहतं, आणि जंगलाला जो स्वतःचा आवाज पहिल्या तासात होता तो हरवतो. हे मत मी बाहेर पडताना शेजारच्या काकांना सांगितलं. त्यांना ते पटलं नाही. त्यांच्या मते सगळी गंमत उत्तरार्धातच होती. पार्किंगपर्यंत आम्ही त्यावर वाद घातला. अनोळखी माणसाशी असा वाद घालायला मिळणं, हे तिकिटाच्या पैशांत मिळालेलं मोठं सुख आहे असं मी मानतो.

मूळ दशावतारी नाटक रात्री उशिरा, जत्रेत, देवळापुढे सुरू होतं. नेपथ्य म्हणजे एक बाकडं. साथीला पेटी, पखवाज, झांज. नट आपली रंगरंगोटी आपल्याच हाताने करतात. आधी संकासुराची गंमत, मग आख्यान, पहाटे दहीकाला. कथानक ठरलेलं असतं, बोलणं मात्र लिहिलेलं नसतं, त्यामुळे समोरची माणसं कशी बसली आहेत ते पाहून नट प्रसंग लांबवतो किंवा आवरता घेतो. सिनेमाला हे करता येत नाही. पिक्चर एकदा तयार झाला की झाला, सगळीकडे तोच. पण समोरच्या माणसांनी तो वेगळा होतो, हे थिएटरात नियमित जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. तोच ‘दशावतार’ मी पुढच्या आठवड्यात दुपारी, जेमतेम तीन रांगा भरलेल्या हॉलमध्ये पुन्हा पाहिला. बाबुलीच्या ज्या वाक्याला रविवारी हॉलभर हुंकार उठला होता, ते वाक्य आलं आणि गेलं.

या लेखासाठी मी वर्षभर जमेल तसे पिक्चर पाहिले, मल्टिप्लेक्समध्ये आणि जुन्या टॉकीजमध्येही. डोअरकीपर, व्यवस्थापक, कँटीनवाले, इंटरव्हलला बाहेर उभी असलेली माणसं यांच्याशी बोललो. पिक्चर कसा होता याबद्दल त्यांची मतं निरनिराळी होती. एका गोष्टीवर मात्र सगळे एक होते: मराठी पिक्चरचा प्रेक्षक शुक्रवारी येत नाही. ‘दशावतार’चंही तेच झालं. शुक्रवारची सुरुवात बेताची, शनिवारी बरी, रविवारची गर्दी शुक्रवारपेक्षा कितीतरी मोठी. माणसं पाहून आली, त्यांनी सोसायटीच्या लिफ्टमध्ये, ऑफिसच्या डब्यावर, भावकीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगितलं, मग पुढची निघाली. ‘माउथ पब्लिसिटी’ हा शब्द टॉकीजच्या धंद्यात इतका जुना आहे की तो आता मराठीच झालाय.

आपल्या घरात पिक्चरला जायचं कसं ठरतं ते आठवून पाहावं. कोणीतरी पाहून येतो आणि चांगला आहे म्हणतो. मग आईला विचारलं जातं. तिला शनिवारी उपास किंवा दुपारी कोणी येणार असतं. मुलांच्या परीक्षा, बाबांची शिफ्ट, मावशीलाही घेऊ या म्हणून तिला फोन. असं करत करत दुसरा रविवार उजाडतो. मराठी माणूस पिक्चरला घर घेऊन जातो, आणि घर निघायला वेळ लागतो. हा संथपणा मला दोष वाटत नाही. विचारपूस करून, दहा जणांचं मत ऐकून, मग गाठीचा पैसा सोडायचा ही आपली रीत आहे. प्रश्न एवढाच की घर निघेपर्यंत पिक्चर बोर्डावर राहतो का.

पूर्वी राहायचा. ‘प्रभात’चा ‘संत तुकाराम’ १९३६ साली गिरगावातल्या सेंट्रल सिनेमात लागला आणि ५७ आठवडे चालला. एका थिएटरात वर्षाहून जास्त! त्या काळात गावाकडचा माणूस मुंबईला कामानिमित्त आला की त्या फेरीत पाहून जाऊ शकत होता. पुन्हा आला तरी पिक्चर तिथेच. १९७१ साली ‘सोंगाड्या’च्या वेळी दादरच्या कोहिनूरमध्ये देव आनंदच्या ‘तेरे मेरे सपने’साठी दादा कोंडक्यांच्या पिक्चरला जागा मिळेना. शिवसेनेने मध्ये पडून ती मिळवून दिली. पुढचा इतिहास सर्वांना ठाऊक आहे. दादांचे ओळीने नऊ पिक्चर रौप्यमहोत्सवी झाले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. ‘सोंगाड्या’चा किस्सा सांगताना राजकारणावर भर दिला जातो. मला त्यात दुसरी गोष्ट महत्त्वाची वाटते. जागा मिळाल्यावर प्रेक्षकाने ती टिकवली. मराठी प्रेक्षकाला थोडे दिवस दिले की काय होतं, याचा तो पुरावा आहे.

दिवस मिळण्यामागे साधं यांत्रिक कारणही होतं. फिल्मची प्रिंट महाग. मराठी निर्माता थोड्याच प्रिंट काढायचा. त्या आधी मोठ्या शहरांत लागायच्या, तिथला बहर ओसरला की पेट्या एसटीच्या टपावर चढून तालुक्याच्या गावी जायच्या. दोन टॉकीजमध्ये एकच प्रिंट असली तर खेळांच्या वेळा पुढेमागे ठेवून एकीकडची संपलेली रिळं सायकलवरून दुसरीकडे पोचवायची. ऑपरेटरच्या केबिनमध्ये दोन मशिनं, एक रीळ संपत आलं की दुसरं चालू करायचं. पडद्याच्या वरच्या कोपऱ्यात क्षणभर दिसणारा गोल ठिपका ही त्याची खूण. पेट्या गावात यायच्या आधी पिक्चरची कीर्ती आलेली असायची. सांगलीच्या माणसाने पुण्याच्या भावाकडून ऐकलेलं असायचं. २००५ नंतरच्या काही वर्षांत उपग्रहावरून आणि हार्ड डिस्कवर पिक्चर पोचू लागले, प्रिंटचा खर्च गेला आणि सगळीकडे एकाच शुक्रवारी लावणं शक्य झालं. लहान गावाला पहिल्या दिवशी नवा पिक्चर मिळाला, ही मोठी चांगली गोष्ट झाली. पण सगळीकडे एकदम लागलेला पिक्चर सगळीकडे एकदम उतरतो. कीर्तीला चालत जायला रस्ता उरला नाही.

त्यात पैशाचा हिशेब. २००९ साली हिंदी निर्माते आणि मल्टिप्लेक्स यांच्यात दोन महिने संप चालला, नवे पिक्चर लागलेच नाहीत. तडजोड झाली ती अशी: पहिल्या आठवड्याच्या उत्पन्नात निर्माता-वितरकाचा वाटा ५० टक्के, दुसऱ्या आठवड्यात ४२.५, तिसऱ्यात ३७.५, मग ३०. हिंदीसाठी ठरलेली ही चाल, पण तिच्यामागचा विचार पाहा. ज्याचा प्रेक्षक पहिल्या तीन दिवसांत धावत येतो त्याला जास्त. ज्याचा प्रेक्षक दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घर घेऊन येतो, त्याच्या निर्मात्याचा वाटा गर्दी वाढता वाढता घटत जातो. मराठी पिक्चरच्या स्वभावाशी याहून विसंगत मांडणी मला सुचत नाही.

१८ जुलै २०२५ला ‘ये रे ये रे पैसा ३’ लागला. त्याच दिवशी हिंदी ‘सैयारा’ लागला. पुढे काय झालं ते वर्तमानपत्रांत आलं: ‘सैयारा’ला तुफान गर्दी, मराठीचे खेळ कमी, मग निवेदनं, पत्रकार परिषदा, राजकीय पक्षांचे इशारे. मी दोन्ही पिक्चर त्याच आठवड्यात पाहिले. ‘ये रे ये रे पैसा ३’ हा पहिल्या दोन भागांच्या वळणाचा, धावपळीचा, हसवण्याची जबाबदारी पूर्णपणे नटांवर टाकणारा पिक्चर आहे. मला तो मध्यम वाटला, पण जी कुटुंबं आली होती ती मनापासून हसत होती. ‘सैयारा’च्या हॉलमध्ये अठरा-वीस वर्षांची मुलंमुली होती. नायक-नायिका नवे, म्हणजे नावासाठी कोणी आलेलं नव्हतं. नायिकेचा आजार उघड झाल्यावर माझ्या रांगेतल्या दोन मुली हमसून रडत होत्या आणि शेवटपर्यंत उठल्या नाहीत. कथा मला ओळखीची वाटली, गाणी आवडली, आणि त्या मुलींचं रडणं खरं होतं याविषयी मला शंका नाही. थिएटर चालवणाऱ्या माणसाने ज्या पडद्यावर हे घडतंय तो पडदा वाढवला तर त्याच्या जागी मीही तेच करीन. माझी तक्रार निराळी आहे. सोमवारी सकाळी आकडे पाहून मंगळवारपासून खेळ काढायचे, आणि काढताना पहिला बळी संध्याकाळच्या खेळाचा द्यायचा, ही सवय मराठी पिक्चरला त्याच्या प्रेक्षकापासून तोडते. उरतो तो सकाळी साडेनऊचा किंवा रात्री पावणेअकराचा. नोकरी करणारी बाई, शाळेतली मुलं, आजोबा यांपैकी या वेळांना कोण जाणार? मग हॉल रिकामा राहतो आणि पुढच्या सोमवारी तो रिकामा हॉलच पुरावा म्हणून दाखवला जातो.

सरकारने यात लक्ष घातलेलं आहे. एप्रिल २०१५ मध्ये मल्टिप्लेक्सना संध्याकाळी सहा ते नऊच्या वेळेत मराठी पिक्चर लावणं सक्तीचं करण्याची घोषणा झाली. गदारोळ झाला आणि काही दिवसांतच ती वेळ दुपारी बारा ते रात्री नऊ अशी सैल करण्यात आली. बारा ते नऊ या पट्ट्यात मंगळवारची दुपारही येते आणि शनिवारची संध्याकाळही. दोन्हींतला फरक तिकीटखिडकीवर बसणाऱ्या पोराला विचारा.

खेळाची वेळ जमली तर काय होतं ते २०२३च्या पावसाळ्यात दिसलं. केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ ३० जूनला लागला. सहा बहिणी, मंगळागौरीची स्पर्धा, रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते, सुकन्या मोने, शिल्पा नवलकर, सुचित्रा बांदेकर, दीपा परब. दुसऱ्या शनिवार-रविवारची कमाई पहिल्यापेक्षा मोठी निघाली, जे पिक्चरच्या धंद्यात क्वचित घडतं. भिशीचे गट, शाळेतल्या जुन्या मैत्रिणी, सोसायटीचं महिला मंडळ एका रंगाच्या साड्या नेसून यायचं, आधी लॉबीत फोटो, मग पिक्चर, मग हॉटेलात चहा. दुपारचे खेळ भरायला लागले, कारण या बायकांना दुपारच मोकळी होती. मला तो पिक्चर म्हणून भाबडा वाटला होता. बहिणींमधली भांडणं फार सहज मिटतात. पण त्या दुपारी हॉलमध्ये जो आवाज होता, फुगड्यांच्या वेळी खुर्च्यांमधल्या चिंचोळ्या वाटेत उभ्या राहून टाळ्या देणाऱ्या बायकांचा, तो मी त्याआधी मल्टिप्लेक्समध्ये ऐकला नव्हता. त्यांतल्या कितीतरी जणी कित्येक वर्षांनी थिएटरात पाऊल टाकत होत्या. नवऱ्याशिवाय, मुलांशिवाय तर पहिल्यांदाच.

त्याआधी ‘सैराट’. २९ एप्रिल २०१६ला लागला आणि गर्दी आवरेना म्हणून सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला मध्यरात्रीनंतरचेही खेळ लावले गेले. ‘झिंगाट’ला पडद्यासमोर नाचणारी पोरं शेवटच्या प्रसंगात जशी गप्प झाली, तसं एका हॉलचं दोन टोकांना जाणं मी परत पाहिलेलं नाही.

२०२५च्या पिक्चरांकडे परत येतो, कारण वर्ष खरोखर चांगलं गेलं. ७ मार्चला लागलेला ‘स्थळ’ माझ्या मते वर्षातला सर्वांत धारदार पिक्चर. जयंत सोमलकर यांनी तो चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, गावातल्याच माणसांना घेऊन केला. २०२३ साली टोरंटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला होता. आपल्याकडे यायला मध्ये मोठा काळ गेला. सुरुवातीलाच बायका मिळून एका मुलाला ‘बघतात’. त्याला पाटावर बसवून उंची, शिक्षण, छंद विचारतात. हॉल हसतो. मग कळतं की हे नायिकेचं, सविताचं, स्वप्न होतं, आणि खऱ्या सविताचे बघण्याचे कार्यक्रम सुरू होतात. तेच पोहे, तेच पाहुणे, तेच प्रश्न, जवळपास त्याच शब्दांत. पहिल्या कार्यक्रमाला माणसं हसली. दुसऱ्याला कमी. तिसऱ्याला माझ्या मागच्या रांगेत बसलेल्या एका माणसाने हसायला सुरुवात केली आणि मध्येच तो थांबला, कारण त्याच्याबरोबर कोणीच हसलं नाही. घरी मोबाईलवर हा पिक्चर पाहणाऱ्याला पुनरावृत्ती कंटाळवाणी वाटेल, तो पुढे ढकलेल. थिएटरात ती ढकलता येत नाही, सविताबरोबर बसावंच लागतं. सोमलकरांनी कापसाचा भाव आणि मुलीचं लग्न हे एकाच चिंतेचे दोन पदर म्हणून दाखवलेत, बापाच्या बाजूनेही ते कठोर होत नाहीत. पटकथेतली ही समज मोठ्या नावांच्या कितीतरी पिक्चरांत नसते.

जूनमध्ये ‘जारण’ आला. दिग्दर्शक हृषीकेश गुप्ते मुळात भयकथा लिहिणारे, त्यामुळे भीती कुठे ठेवायची हे त्यांना माहीत आहे. अमृता सुभाषचं काम पाहताना मला पडद्यापेक्षा हॉलकडे लक्ष द्यावंसं वाटलं. माणसं भीतीने एकमेकांकडे सरकतात, अनोळखी असली तरी. मागून कोणीतरी मोठ्याने हसतं, ते धीर यावा म्हणून. ‘एप्रिल मे ९९’ मध्ये असं काही घडत नाही. कोकणातली सुट्टी, तीन पोरं, आंबे, समुद्र आणि शहरातून आलेली एक मुलगी. रोहन मापुसकरांनी तो प्रेमाने केलाय. मला त्यात नाट्य कमी पडलं. शेजारी बसलेल्या बापाला मात्र आपल्या मुलाला दर पाच मिनिटांनी काहीतरी समजावून सांगायचं होतं, व्हिडिओ गेमची कॅसेट म्हणजे काय इथपासून, आणि मला त्याचा त्रास झाला नाही. एरवी थिएटरात बोलणाऱ्यांना मी लगेच टोकतो. मोबाईल उघडून बसणाऱ्यांना तर नक्कीच. अंधारात एक पडदा उजळला की मागच्या चार रांगांच्या डोळ्यांवर तो येतो, आणि पैसे त्या चार रांगांनीही दिलेले असतात.

‘छावा’बद्दल लिहायलाच हवं. १४ फेब्रुवारीला लागलेला हा हिंदी पिक्चर शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर, लक्ष्मण उतेकरांसारख्या मराठी दिग्दर्शकाचा. आणि महाराष्ट्रात तो घरचाच म्हणून पाहिला गेला. शेवटच्या अर्ध्या तासात शंभूराजांचे हाल सुरू झाले की हॉल रडायला लागायचा. संपल्यावर कोणीतरी, बहुधा लहान मुलगा, उभा राहून गारद द्यायचा आणि सगळे उभे राहायचे. दिव्यांखाली पन्नाशीची माणसं डोळे पुसताना दिसायची. पिक्चर म्हणून मला तो एकाच पट्टीत गातो असं वाटलं. कादंबरीतला कवी, संस्कृत जाणणारा, मनाने एकाकी असा संभाजी त्यात फार थोडा आहे. संगीत श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. विकी कौशलने मात्र जीव ओतलाय. आणि एक गोष्ट मान्य करायला हवी: मराठी घर शुक्रवारी निघत नाही हा वर मांडलेला नियम ‘छावा’ने मोडला. पहिल्या दिवसापासून माणसं आली, कारण या पिक्चरविषयी त्यांना कोणाला विचारावंसं वाटलं नाही. राजांविषयी मत आधीच तयार होतं. स्वतःची नवी गोष्ट सांगणाऱ्या पिक्चरला ही सोय नसते.

अशी नवी गोष्ट म्हणजे ‘साबर बोंडं’. रोहन परशुराम कानवडे यांच्या या पिक्चरला जानेवारीत सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचा सर्वोच्च ज्युरी पुरस्कार मिळाला. वडील गेल्यावर मुंबईचा आनंद सुतकाच्या दहा दिवसांसाठी गावी येतो. लग्नाचं विचारून नातेवाईक त्याला हैराण करतात. तिथे बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघांमध्ये प्रेम फुलतं. १९ सप्टेंबरला, म्हणजे ‘दशावतार’ जोरात असताना, तो लागला. त्यात पार्श्वसंगीत नाही. शेळ्यांचे आवाज, वारा, भांडी, रात्री दूर कुठेतरी भुंकणारं कुत्रं. हे ऐकायला चांगल्या ध्वनियंत्रणेचा हॉल लागतो आणि गप्प बसणारी माणसं लागतात. मला दोन्ही मिळालं. आनंद आणि त्याची आई यांच्यात जे बोलणं होतं, तितकं संयत आणि तितकं मायेचं बोलणं मराठी पडद्यावर मी फार कमी ऐकलंय. आईला सगळं माहीत आहे, आणि ती मुलाची ढाल होऊन उभी राहते. हा पिक्चर गावोगावच्या आयांनी पाहायला हवा होता. पण अशा पिक्चरला खेळ मिळतात ते मोठ्या शहरांत, निवडक ठिकाणी आणि अडनिड्या वेळांना. ज्या नगर जिल्ह्यात तो चित्रित झाला तिथल्या खेड्यातल्या बाईने तो कुठे पाहावा?

हा प्रश्न पडद्यांच्या संख्येचा आहे. पुण्यात १९१५ साली मंडईजवळ आर्यन सिनेमा सुरू झाला. आज त्या जागी वाहनतळ आहे आणि नाव तेवढं आर्यन राहिलंय. शहरात एक टॉकीज गेली तर चार मल्टिप्लेक्स येतात. तालुक्याच्या गावातली गेली की गेलीच. तिथे मंगल कार्यालय किंवा दुकानगाळे उभे राहतात. मी ज्या जुन्या टॉकीजमध्ये गेलो तिथल्या व्यवस्थापकांचं म्हणणं साधं होतं. बाल्कनी अजून भरते, पण लग्नसराई, परीक्षा आणि पाऊस सोडून उरलेल्या दिवसांतच. विजेचं बिल मात्र बारमाही. त्यांचा पडदा मोठा होता, ऐंशी सालच्या खुर्च्यांची फोम बसली होती, आणि इंटरव्हलला वडापाव मिळत होता. मल्टिप्लेक्समध्ये खाण्याचा खर्च तिकिटाच्या वर जातो हे सगळेच बोलतात. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ अडवण्याचा हक्क थिएटर मालकांना आहे असं सांगितलं. त्याच वेळी स्वच्छ पाणी फुकट द्यावं आणि तान्ह्या मुलाचं खाणं अडवू नये, हेही सांगितलं. या दोन गोष्टी पुष्कळांना माहीत नसतात, म्हणून इथे मुद्दाम लिहितोय. २२ सप्टेंबर २०२५पासून शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आलाय. त्याचा उपयोग शंभरच्या आत तिकीट ठेवणाऱ्या जुन्या टॉकीजना होईल, जर त्या चालू राहिल्या तर.

आणि जिथे टॉकीज कधीच नव्हती, तिथे तंबू होते. दिवाळीनंतर यात्रांचा हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या टुरिंग टॉकीजचे ट्रक निघायचे. पुसेगावला, मग पुढच्या यात्रेला, मग त्याच्या पुढच्या. ट्रकच्या मागच्या भागातच मशीन बसवलेलं. समोर भलामोठा कापडी तंबू, एका टोकाला पडदा, मध्ये जमीन. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, पोरं कुठेही. एकाच मैदानात तीन-चार तंबू शेजारी शेजारी असायचे आणि प्रत्येकाचा माणूस कर्ण्यावरून आपल्या पिक्चरची तारीफ करून गर्दी ओढायचा. पाहुणी म्हणून आलेली लेक, देवदर्शन झालेली म्हातारी, ऊस तोडून आलेलं जोडपं, सगळे खाली बसून पाहायचे. वर्षातून पिक्चर पाहायची त्यांची वेळ तीच. शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी या तंबूंवर वर्षानुवर्षं काम करून ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली कान महोत्सवात त्याची विशेष दखल घेतली गेली. त्यात फिल्मचं मशीन जाऊन डिजिटल येण्याचा जो काळ दिसतो तो पाहवत नाही. तंबूवाल्यांकडे शुक्रवार-सोमवारचा हिशेबच नव्हता. पिक्चर जुना असो की नवा, यात्रेला माणसं येणार तेव्हा ते तिथे हजर असायचे. प्रेक्षक मोकळा असेल त्या वेळी पिक्चर त्याच्यापर्यंत न्यायचा, ही गोष्ट त्यांना शिकवावी लागली नव्हती.

आता तेच शहाणपण वेगळ्या वाटेने परत येताना दिसतंय. २०१८ साली थंड प्रतिसाद मिळालेला हिंदी ‘तुंबाड’ सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा लावला आणि पहिल्यापेक्षा जास्त चालला. कोकणातल्या त्या ओल्या वाड्याची कीर्ती सहा वर्षं माणसांच्या तोंडून फिरत राहिली होती. प्रेक्षक तयार झाला तेव्हा पिक्चर बोर्डावर आला. मग मराठीत हे का होऊ नये? ‘स्थळ’ला दिवाळीच्या सुट्टीत विदर्भात आठवडाभर दुपारी तीनचा एक खेळ द्यावा. ‘साबर बोंडं’ नगर-संगमनेरला न्यावा. परदेशातली महाराष्ट्र मंडळं शनिवार-रविवारी हॉल भाड्याने घेऊन, आधी नावं नोंदवून घेऊन मराठी पिक्चर लावतात. इथल्या महिला मंडळांना, शाळांना, गणेश मंडळांना ते जमणार नाही असं काही नाही. मी बोललो त्यांतल्या एका व्यवस्थापकांची तयारी होती. शंभर माणसांची आगाऊ खात्री द्या, वेळ तुम्ही सांगाल ती, असा त्यांचा हिशेब.

२०२५ साली सतीश राजवाडे यांचा ‘प्रेमाची गोष्ट २’ ऐन दिवाळीत लागला आणि ऑक्टोबरअखेरीस महेश मांजरेकरांचा ‘पुन्हा शिवाजीराजे भोसले’ आला. दिवाळीच्या आठवड्यात हिंदी पिक्चरही जोरात असतात. फराळ, पाहुणे, भाऊबीज उरकून मराठी घरं मोकळी होतात ती पुढच्या शनिवारी-रविवारी. त्या संध्याकाळी सहाच्या खेळाला बोर्डावर कोणती नावं असतात ते पाहायला मी जातो.